ब्रिटनमध्ये अलॉटमेंट आणि ग्रीनहाऊसमध्ये भाजी कशी पिकवायची: पहिल्या वर्षाचं मार्गदर्शन

ब्रिटनमध्ये भाजी लावायला घेतली की जमिनीच्या आधी कॅलेंडर आडवं येतं. दक्षिण इंग्लंडमध्ये फ्रॉस्टची, म्हणजे झाडं मारणाऱ्या हिमकडाक्याची, भीती मेच्या मध्यापर्यंत असते. उत्तरेकडे आणि स्कॉटलंडमध्ये मे अखेर, कधी जूनही उजाडतो. ऑक्टोबरात थंडी पुन्हा दारात उभी. टोमॅटो, मिरची, वांगी या झाडांना बी पेरल्यापासून फळ हाती येईपर्यंत चार-पाच महिने सहज लागतात, मिरचीला त्याहूनही जास्त. सरळ वाफ्यात बी टाकून हे गणित जमत नाही. म्हणून अलॉटमेंट (भाजी पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, म्हणजेच प्लॉट) आणि ग्रीनहाऊस ही दोन वेगळी कामं न समजता एकच काम समजावं. ग्रीनहाऊस हंगामाच्या दोन्ही टोकांना काही आठवडे जोडून देतं आणि पोटभर भाजी प्लॉटवर पिकते. ग्रीनहाऊस म्हणजे फक्त टोमॅटोची खोली असं धरलं, तर वर्षातले सात-आठ महिने ते रिकामं पडून राहतं.

प्लॉट घेण्याआधी

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९०८ च्या स्मॉलहोल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स कायद्यानुसार, मागणी असेल तर प्लॉट उपलब्ध करून देणं ही स्थानिक काउन्सिलची जबाबदारी आहे. परिसरातल्या सहा मतदारांनी किंवा काउन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी मिळून लेखी मागणी केली, तर काउन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. आतल्या लंडनमधल्या बरोंवर (तिथल्या स्थानिक प्रशासनांवर) मात्र ही सक्ती नाही. स्कॉटलंडसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी प्रतीक्षायादी असते, म्हणून नाव आजच नोंदवा आणि शेजारच्या पॅरिश काउन्सिलकडेही (गावपातळीच्या काउन्सिलकडेही) चौकशी करा. काही साइट्स चर्चच्या किंवा खाजगी मालकीच्या असतात, त्यांची यादी वेगळी असते.

पूर्ण प्लॉट म्हणजे जुन्या मापाने १० रॉड, अंदाजे २५० चौरस मीटर. नोकरी सांभाळून नव्याने सुरुवात करणाऱ्याने अर्धाच मागावा. अर्ध्या प्लॉटवरही दोन-तीन माणसांच्या घराला उन्हाळाभर पुरेल एवढी भाजी निघते. पूर्ण प्लॉट घेऊन जूनमध्ये कंबरेएवढ्या गवताकडे बघत बसणारे प्रत्येक साइटवर दिसतात.

प्लॉट दाखवायला नेतील तेव्हा तीन गोष्टी बघा. दक्षिणेला मोठी झाडं आहेत का? त्यांची सावलीच नाही, मुळंही नडतात. पाण्याची टाकी किती लांब आहे? अनेक साइट्सवर पाइप लावायला मनाई असते, सगळं पाणी झारीने वाहावं लागतं. आणि शेजारच्या प्लॉटवर काय चांगलं आलंय? जमिनीबद्दल याहून खरी माहिती कोणी देणार नाही.

करारपत्र नीट वाचा. शेड, ग्रीनहाऊस किंवा पॉलिटनेलला (प्लास्टिकने झाकलेल्या बोगद्यासारख्या मांडवाला) बहुधा परवानगी लागते आणि बऱ्याच साइट्सवर काच चालत नाही, पॉलिकार्बोनेट चालतं. भाजी स्वतःच्या घरासाठी पिकवायची, धंद्यासाठी नाही. १९५० च्या कायद्याने कोंबड्या आणि ससे पाळायची मुभा आहे, नर कोंबडा पाळायची मात्र नाही.

पहिल्या वर्षी सगळं खणू नका

हातात आलेला प्लॉट बहुधा तणाने भरलेला असतो. अशा वेळी भाड्याने रोटाव्हेटर आणायचा मोह होतो. जमिनीत हरणखुरी किंवा काउच ग्रास असेल तर तो मोह टाळाच. या तणांच्या मुळाचा बोटभर तुकडाही नव्याने फुटतो. यंत्र अशा मुळांचे हजार तुकडे करून सगळीकडे पसरवतं.

त्याऐवजी प्लॉटचे चार भाग पाडा. एका भागात यंदा भाजी लावायची. तिथली तणाची मुळं काट्याने उकरून हाताने वेचायची. दुसऱ्या भागावर गवत कापून जाड पुठ्ठे अंथरायचे. त्यांच्या चिकटपट्ट्या आणि पिना आधी काढून टाका, पुठ्ठे एकमेकांवर हातभर चढवा, चांगले भिजवा आणि वर १० ते १५ सेंटिमीटर कंपोस्ट पसरा. भोपळा आणि कूर्जेट (झुकिनी) यातच पहिल्या वर्षी लावता येतात. उरलेले दोन भाग काळ्या, जाड कापडाने झाकून ठेवा. जुने गालिचे अंथरू नका. त्यातले धागे आणि रंग मातीत उतरतात, आणि कित्येक साइट्सवर त्यांना बंदीच आहे.

एक तण मात्र ओळखून ठेवा. शेजारी ज्याला फॅट हेन म्हणून उपटून फेकतो तो आपला चाकवत आहे. नुकत्याच उकरलेल्या मातीत तो आपोआप उगवतो. खात्रीने ओळखता येत असेल तर कोवळा असताना घरी न्या.

आता खताबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक झाली तर अख्खा हंगाम जातो. घोड्यांच्या तबेल्यातलं खत अनेकदा फुकट मिळतं. पण कुरणातलं रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड किंवा क्लोपायरॅलिड ही तणनाशकं फवारलेली असतील, तर ती गवतातून जनावराच्या पोटात जातात आणि शेणातूनही टिकून बाहेर येतात. तसं खत पडलं की टोमॅटो, बटाटा, वाल, वाटाणा यांची कोवळी पानं वाटीसारखी आत वळतात आणि झाड वाढत नाही. देणाऱ्याला विचारा, पण विचारण्यावर थांबू नका. त्या ढिगातलं खत निम्मं आणि पिशवीतलं चांगलं कंपोस्ट निम्मं मिसळून दोन-तीन कुंड्या भरा, आणखी दोन-तीन कुंड्या निव्वळ कंपोस्टच्या भरा. सगळ्यांत ब्रॉड बीनचं बी पेरा आणि महिनाभर बघा. खताच्या कुंड्यांतलीच पानं मुडपलेली दिसली तर तो ढीग प्लॉटवर येऊ देऊ नका.

ग्रीनहाऊस: आकार, दिशा, हवा

सहा बाय आठ फूट हा नेहमीचा आकार सुरुवातीला पुरतो. घराच्या मागे जागा असेल तर ग्रीनहाऊस तिथेच उभारावं, प्लॉटवर नको, असं माझं ठाम मत आहे. एप्रिलमध्ये सकाळी दार उघडायचं, संध्याकाळी बंद करायचं, मध्ये पाणी घालायचं, हे काम रोजचं असतं. दीड मैलावरच्या ग्रीनहाऊसमध्ये ते कोणाकडून होत नाही.

मुख्य काम वसंतातली रोपं असतील तर छताच्या कण्याची आडवी रेघ पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे खालचा सूर्य लांब बाजूवर पडतो. उन्हाळी पिकांसाठी दक्षिण-उत्तर दिशा बरी. छोट्या बागेत ही निवड जागाच करते. झाडाखाली आणि वाऱ्याच्या तोंडावर उभारू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

ग्रीनहाऊस विकत घेताना लोक काच बघतात, झरोके बघत नाहीत. छताला उघडणाऱ्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाइतक्या असाव्यात. स्वस्त मॉडेलला एकच झरोका असतो, तेव्हा दुसरा मागून बसवून घ्या. त्याला मेण भरलेल्या नळीचा आपोआप उघडणारा दांडा लावा. ऊन वाढलं की मेण फुगून झरोका उघडतं आणि गारठ्यात पुन्हा मिटतं. वीज लागत नाही. सगळ्या उपकरणांत पैसे वसूल करणारं हे एकच.

पेरणीचा क्रम

मिरची आणि वांगी सगळ्यांत आधी, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. त्यांना रुजायला २० ते २५ अंश सेल्सिअस लागतात, म्हणून सुरुवात घरातच करायची. त्यासाठी ग्रीनहाऊस तापवू नका, खर्च भाजीच्या कैकपट होतो. गरम तळाची पेटी किंवा रेडिएटरजवळची उबदार जागा पुरते. मात्र कोंब दिसताक्षणी रोपं उजेडात हलवा. अंधाऱ्या उबेत ती दोन दिवसांत लांबोडी होऊन कोलमडतात.

टोमॅटो मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. फेब्रुवारीत पेरलेले टोमॅटो एप्रिलमध्ये खिडकीएवढे होतात आणि त्यांना न्यायला जागा नसते. उशिरा पेरलेलं, न थांबता वाढलेलं रोप लवकर पेरून रखडलेल्या रोपाला हमखास गाठतं. बी १८ ते २१ अंशांवर आठवड्याभरात येतं. खरी पानं दिसली की पानाला धरून, देठाला न धरता, छोट्या कुंडीत हलवायचं. टोमॅटोचं रोप पहिल्या पानांपर्यंत खोल पुरलं तरी चालतं, उलट बरंच. देठाला नवी मुळं फुटतात.

काकडी, कूर्जेट, भोपळा एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात. बी मोठं असतं. ते कुंडीत कडेवर उभं लावा, म्हणजे वर पाणी साचून कुजत नाही. रनर बीन्सही याच सुमारास कुंडीत. दरम्यान मार्चपासूनच थंड ग्रीनहाऊसमध्ये कोबी, लीक, लेट्यूस, बीट आणि वाटाणा यांची रोपं ट्रेमध्ये करता येतात. त्यांना ऊब नको, उंदीर आणि गोगलगायींपासून आसरा हवा.

एप्रिल-मे हा सगळ्यांत अवघड काळ. दिवसा काचेखाली ३० अंश, रात्री २ अंश. फ्रॉस्टचा अंदाज असेल त्या रात्री रोपांवर बागकामाचं पांढरं फ्लीस (हलकं, पातळ कापड) टाका आणि सकाळी काढा. प्लॉटवर न्यायची रोपं आधी बाहेरच्या हवेला सरावली पाहिजेत. पहिले चार-पाच दिवस फक्त दिवसा सावलीत बाहेर, मग थोडं ऊन, शेवटी रात्रीही बाहेर. दहा ते चौदा दिवस द्या. हा टप्पा गाळला तर पानं एका दिवसात पांढरी पडतात.

प्लॉटवर काय लावायचं

बटाट्यापासून सुरुवात करा. बाजारातला खायचा बटाटा नाही, प्रमाणित बियाणं घ्या, नाहीतर रोग विकत घ्याल. फेब्रुवारीत ते अंड्यांच्या खोक्यात, थंड पण उजेडाच्या जागी, डोळे वर करून ठेवा. जाड, आखूड कोंब आले की मार्चअखेर लवकरची जात लावायची. खोली १२ ते १५ सेंटिमीटर, दोन बटाट्यांत ३० आणि दोन ओळींत ६० सेंटिमीटर. मुख्य जात एप्रिलमध्ये, थोडी मोकळी. पाला वीतभर झाला की मातीची भर घाला, पुन्हा पुन्हा. उजेड लागलेला बटाटा हिरवा होतो आणि तो खायचा नसतो. लवकरची जात दहा-बारा आठवड्यांत, फुलं आली की काढायला येते.

बटाट्याचा खरा शत्रू करपा. सलग दोन दिवस तापमान १० अंशांखाली उतरलं नाही आणि रोज किमान सहा तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त राहिली, की करप्याला पोषक हवा झाली असं इथे मानतात. या नियमाला हटन निकष म्हणतात. पानांवर तपकिरी डाग दिसले की सगळा पाला जमिनीलगत कापून दूर न्या आणि बटाटे दोन-तीन आठवड्यांनी काढा. म्हणूनच नवख्याने लवकरच्या जाती लावाव्यात. करपा यायच्या आत त्या घरी पोचलेल्या असतात.

कांद्याचे छोटे गड्डे मार्च-एप्रिलमध्ये टोकं जेमतेम झाकतील असे लावायचे, १० सेंटिमीटरवर. पक्षी उपटतात, पुन्हा खोचायचे. लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कारण पाकळ्या सुट्या व्हायला त्याला थंडी लागते. ब्रॉड बीन नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये. शेंगा धरू लागल्या की शेंडे खुडा, काळा मावा तिथेच बसतो.

गाजर थेट जमिनीत पेरायचं, रोप हलवलं की दुफाटे होतं. गाजराची माशी वासावर येते आणि जमिनीलगत उडते, म्हणून बारीक जाळी झाकणं किंवा भोवती ६० सेंटिमीटरची भिंत करणं हाच उपाय. पार्सनिपचं बी दरवर्षी ताजं घ्या.

कोबीवर्गाला जाळीशिवाय लावूच नका. कबुतरं आणि पांढरी फुलपाखरं काही शिल्लक ठेवत नाहीत. मुळांवर गाठी येणारा क्लबरूट जमिनीत असेल तर चुना घालून सामू (पीएच) ७ च्या वर न्या आणि रोपं मोठ्या कुंडीत वाढवून मगच लावा. तो रोग जमिनीत कित्येक वर्षं राहतो, दुसऱ्याच्या प्लॉटवरून बुटांना चिकटूनही येतो. पर्पल स्प्राउटिंग ब्रोकोली मात्र आवर्जून लावा. मार्च-एप्रिलमध्ये हिवाळी भाजी संपते आणि नवी आलेली नसते, तेव्हा प्लॉटवर खायला जवळपास हीच असते.

रनर बीन्स आठ फुटी बांबूंवर, जूनच्या सुरुवातीला. शेंगा दर दोन-तीन दिवसांनी तोडा, नाहीतर वेल नव्या धरायच्या थांबतात. नीट शिजवूनच खायच्या. कूर्जेटची दोन झाडं पुरे, तिसरं लावलंत तर शेजारी तुम्हाला टाळू लागतील.

मेथी मे ते ऑगस्ट बाहेर छान येते. कोथिंबीर दर तीन आठवड्यांनी थोडी पेरायची. कोरड पडली आणि दिवस मोठा झाला की ती फुलावर जाते, तेव्हा अर्धसावलीचा वाफा द्या. भेंडी बाहेर लावून हिरमोड करून घेऊ नका. ग्रीनहाऊसमध्येही ती उन्हाळा तापला तरच मनापासून येते. दुधी मात्र ग्रीनहाऊसमध्ये जमतो. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला हाताने लावायचा. मादी फुलामागे इवलासा दुधी आधीच दिसतो.

पिकांची फेरपालट चार वर्षांची ठेवा: बटाटा, मग वाल-वाटाणा, मग कोबीवर्ग, मग कांदा आणि कंदमुळं. कागदावर नकाशा काढून ठेवा, पुढच्या वर्षी आठवत नाही.

ग्रीनहाऊसचा उन्हाळा

टोमॅटो मेच्या मध्याला कायमच्या जागी, ४५ सेंटिमीटरवर. ग्रो बॅगमध्ये (कंपोस्ट भरलेल्या आडव्या पिशवीत) तीन रोपांची जागा दाखवलेली असली तरी दोनच लावा. उंच वाढणाऱ्या जातींना दोरीचा आधार द्या आणि पान व खोडाच्या बेचक्यातली बगलफूट दर आठवड्याला खुडा. झुडपी जातींची खुडायची नाही, फळं तिथेच लागतात. आत सहा-सात आणि बाहेर चार घोस धरले की शेंडा मोडा.

पहिला घोस धरला की आठवड्याला एकदा पोटॅशचं प्रमाण जास्त असलेलं द्रव खत द्या. त्याआधी दिलंत तर नुसता पाला वाढतो. पाणी थोडं पण रोज आणि सारखं. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी बादली, असं झालं की फळं तडकतात आणि बुडाला काळा डाग पडतो. तो डाग रोगाचा नाही. पाणी तुटलं की चुना, म्हणजे कॅल्शियम, फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. डाग पडलेली फळं काढून टाका, पाणी सुधारा, पुढची चांगली येतात.

पारा २५ च्या वर गेला की दार आणि झरोके पूर्ण उघडा. ३५ च्या आसपास परागच निकामी होतो आणि फुलं गळतात. कडक उन्हात काचेवर पांढरा शेडिंगचा लेप द्या आणि सकाळी जमिनीवर पाणी शिंपडा. त्याने हवा थंडावते, लाल कोळीही दबतो. काकडीला दमट हवा आवडते, टोमॅटोला कोरडी. एकाच ग्रीनहाऊसमध्ये दोन्ही असतील तर काकडी दारापासून लांबच्या कोपऱ्यात आणि टोमॅटो दाराशी. काकडीच्या जुन्या ग्रीनहाऊस जातींची नर फुलं काढून टाकावी लागतात, नाहीतर काकडी कडू होते. सगळी मादी फुलंच येणारी एफ वन जात घेतलीत तर ही कटकट नाही.

पांढऱ्या माशीवर एन्कार्सिया फॉर्मोसा नावाची सूक्ष्म गांधीलमाशी पोस्टाने मागवता येते. पण त्याच सुमारास कीटकनाशक फवारलंत तर तीही मरेल. गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांना ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२२ पासून बंदी आहे. शेडमध्ये जुना डबा सापडला तर कचऱ्यात टाकू नका, काउन्सिलच्या घातक कचरा केंद्रात द्या. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात. माती ५ अंशांच्या वर गेली की गोगलगायी मारणारे सूत्रकृमी (सूक्ष्म जंत) पाण्यातून सोडणं जास्त परिणामकारक. पावसाळी रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचणं अजूनही सगळ्यांत खात्रीचं.

सप्टेंबरनंतर

बहुतेक जण इथे हात झटकतात. खरं तर हिवाळी ग्रीनहाऊसची पेरणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत व्हायला हवी. लेट्यूसच्या हिवाळी जाती, मिझुना (जपानी पालेभाजी), मोहरीची पानं, कोथिंबीर, पालक. घाईचं कारण उजेड. साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दिवस दहा तासांहून लहान असतो आणि त्या काळात झाडं जवळपास वाढत नाहीत. तोवर ती वीतभर झालेली असतील तर हिवाळाभर बाहेरची पानं तोडून खाता येतात. ऑक्टोबरात पेरलेली बोटभर रोपं मार्चपर्यंत बोटभरच राहतात.

म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला टोमॅटोची दया करू नका. हिरवी फळं घरी आणा, एखाद्या पिकलेल्या केळ्याबरोबर खोक्यात ठेवली की पिकतील. वेल मुळासकट काढा. काचा आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवा, सांध्यांतलं शेवाळं जुन्या ब्रशने काढा. मळक्या काचेतून आधीच तुटपुंजा असलेला उजेड आणखी कमी येतो. टोमॅटो थेट जमिनीत लावले असतील तर दोन-तीन वर्षांनी वरची वीतभर माती बदला, नाहीतर मुळांचे रोग साठत जातात. हिवाळी पिकाला पाणी अगदी कमी, तेही सकाळी, आणि कोरड्या दिवशी दुपारी तासभर दार उघडं. थंडीपेक्षा ओल आणि कोंदट हवेने जास्त पानं कुजतात.

प्लॉटवर याच महिन्यात लसूण लावून टाका, रिकाम्या वाफ्यांवर कंपोस्टचा थर द्या आणि उन्हाळ्यात झाकून ठेवलेल्या दोन भागांपैकी एकाचं कापड उचलून बघा. पांढरी मुळं अजून जिवंत दिसली तर पुन्हा झाका. मेलेली असतील तर पुढच्या मार्चमध्ये बटाटे तिथे. साइटवरचं पाणी हिवाळ्यात बंद करतात, त्याआधी शेडच्या पन्हळीखाली एक पिंप बसवून घ्या.